आणि पथ्य

फोन वाजला तेव्हा मी आतल्या खोलीत पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. फोन बैठकीत, मधलं दार उघडं, आणि उठून तिथवर जायचं त्राण माझ्यात नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी रिसीव्हर आधी पदरानं पुसला, मग कानाला लावला. फोनवर त्या सगळी आळी ऐकेल इतक्या मोठ्यानं बोलायच्या, त्यामुळे त्यांची बाजू मला पूर्ण ऐकू येत होती.

"हाव बाई, मी तिची सासू. ती निजली आहे. तुमी सांगा, मी ध्यानात ठेवतो."

मग बराच वेळ नुसतं हाव, हाव. मग त्या एकेक शब्द मागून म्हणू लागल्या. ज्वारी. बाजरी. जवस? जवस बी? तीळ, साऱ्या पालेभाज्या, हळद, अद्रक. प्रत्येक शब्दागणिक त्यांचा आवाज पडत चालला होता. मग थोडं थांबून पुन्हा गहू, मैदा, दूध, साखर, चहा, तळलेलं. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि घरात कोणी गेल्याची बातमी आल्यासारख्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दोन पथ्यं सांगतली बाईनं," त्या म्हणाल्या. "आधी ज्वारीचं अन् भाजीपाल्याचं. अन् मंग म्हने, आनि पथ्य, गव्हाचं अन् दुधाचं."

"मग मी खायचं काय?"

"तेच तं मी इचार करून राह्यली," त्या म्हणाल्या आणि माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करून आत गेल्या.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, अमरावतीची. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा बटाट्याला आलू आणि कोथिंबिरीला सांबार म्हणायला शिकण्यातच माझे पहिले महिने गेले. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. महिन्यातले चार-पाच दिवस मात्र मी कुठल्याच कामाची नसायचे. ओटीपोटात असं काही पिळवटून निघायचं की फळ्यावर नकाशा काढता काढता माझी नदी भलत्याच राज्यात शिरायची. कॉलेजात असल्यापासून हे चाललं होतं. तेव्हा सगळ्या म्हणायच्या, लग्न झालं की जातं. लग्न झाल्यावर म्हणू लागल्या, मूल झालं की जातं. मूल होत नव्हतं, त्यामुळे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टर मुळे या पहिल्या बाई, ज्यांनी माझ्या दुखण्याला नाव दिलं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर भलतीकडे वाढतं आणि दर महिन्याला तिथेही सुजतं, रक्त धरतं, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नाव ऐकून मला रडू आलं. दुखण्याला नाव आहे म्हणजे ते आहे. सासूबाईंना काही ते नाव म्हणता येईना. त्यांनी सरळ त्याची इंदुमती करून टाकली. आज इंदुमतीनं लय सतावलं काय, असं त्या विचारायच्या, आणि शेजारच्यांना वाटायचं आमच्याकडे कोणी पाहुणी येऊन राहिली आहे.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं. माझ्या नवऱ्याला, प्रफुल्लला, ऑपरेशन हा शब्द ऐकूनच घाम फुटला. त्यातून अकोल्याहून त्याच्या थोरल्या बहिणीचा, कुंदाताईंचा फोन आला. लेकरू व्हायच्या आधी पोटाला चाकू लावायचा म्हणजे काय, त्यांच्या जावेच्या बहिणीचं कसं वाटोळं झालं, आणि पाळीत कोणाच्या पोटात दुखत नाही. ताई माणूस वाईट नव्हत्या. मोठ्या बहिणीनं आईसारखं राज्य करायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. प्रफुल्लनं नेहमीप्रमाणे दोघींच्या मधली वाट काढली. डॉक्टरांच्याच दवाखान्यात सरोदेबाई नावाच्या आहारतज्ज्ञ बसायच्या. त्यांचं शिक्षण मुळात आयुर्वेदाचं. तीन पाळ्या त्यांचा आहार करून बघायचा. दुखणं कमी झालं तर ऑपरेशन टळलं, नाही झालं तर करायचं. डॉक्टर म्हणाल्या, करा, आहारानं थोडा आराम पडतो, पण नुसत्या खाण्यानं हे जाणार नाही. त्यांचं पहिलं वाक्य घरी पोचलं. दुसरं वाटेतच कुठंतरी राहिलं.

सुरुवातीचा तो फोन या सरोदेबाईंचाच. आता आली पंचाईत. ज्वारी बाद, बाजरी बाद, गहू बाद. मेथी, पालक, चवळी बाद. दूध, चहा, साखर बाद. सासूबाईंच्या जवसाच्या चटणीशिवाय आमच्या घरात घास उतरत नसे, ती बाद. हळदसुद्धा बाद. मी म्हटलं, आई, काहीतरी चुकतंय, पुन्हा विचारू या. मी दवाखान्यात फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं, बाई गावाला गेल्या आहेत, त्यांनी सांगितलं तसंच करा. प्रफुल्लनं सायबर कॅफेत जाऊन वाचून आणलं, तर एका ठिकाणी गहू सोडा, दुसऱ्या ठिकाणी दूध सोडा, तिसऱ्या ठिकाणी दोन्ही खा पण सोयाबीन सोडा. मला वाटलं, एवढे शिकलेले लोक असा गोंधळ घालतात, तर सरोदेबाईंची दोन पथ्यं त्यातल्या त्यात स्वच्छ आहेत.

सासूबाईंनी एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तोंडावर उजेड पडला. म्हणाल्या, एवढं सगळं सोडून माणूस जगते, एकादशीला आपण जगतोच की. त्या दिवसापासून मला उपवासाचं सुरू झालं. भगर, राजगिरा, शिंगाड्याची भाकर, उकडलेलं रताळं, उकडलेला आलू. उपवासाच्या बाहेरचं म्हणून थोडा भात, दुधी आणि मुगाचं वरण, ते बिनहळदीचं, पांढरंफटक. ते वरण मी पहिल्यांदा पानात पाहिलं तेव्हा आजारी मी आहे की वरण, हे मला कळेना.

आणि सासूबाई माझ्याबरोबर तेच खायच्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, दोन स्वयंपाक कोन करते.

आळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकूंनी हळूच विचारलं, कोणतं व्रत धरलं? मी सांगू लागले की व्रत नाही हो, पोटात... तेवढ्यात सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, आहे एक. झालं. पोट दुखतं म्हणून उपाशी राहणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, पण मुलासाठी व्रत धरलेल्या बाईला सगळे वाट करून देतात. शाळेत मुख्याध्यापिकांनी मला वरच्या मजल्यावरचा वर्ग काढून खालचा दिला. नळावर बायका माझी बादली आधी भरू देऊ लागल्या. अकोल्याला कुंदाताईंनी सगळ्या नातेवाइकांत सांगितलं की आमच्या वहिनीनं कडक धरलंय. मला फार विचित्र वाटायचं. जे मी करत नव्हते त्याचा मान मिळत होता, आणि जे खरं होतं ते बोलायला कुठे जागाच नव्हती.

पहिली पाळी आली. पोट फुगायचं ते फुगलं नाही, हे खरं. एरवी मला त्या दिवसांत साडीची गाठ सैल करावी लागायची, ती लागली नाही. पण आत जे पिळवटायचं ते होतंच. की कमी होतं? मला सांगता येईना. दुखणं संपलं की ते किती होतं हे आठवत नाही, आणि दुखत असताना मोजायचं सुचत नाही. प्रफुल्ल संध्याकाळी लाईट ऑफिसातून यायचा आणि दारातच विचारायचा, आज कसं आहे, कमी आहे ना. त्याच्या तोंडाकडे पाहिलं की नाही म्हणवायचं नाही. मागे भगरीचं पातेलं घेऊन सासूबाई उभ्या असायच्या. मी म्हणायचे, आहे थोडं कमी. आणि म्हटल्यावर मलाच वाटायचं, असेलही.

त्या दिवसांत मला एक सवय होती. कळ आली की मी पलंगावर भिंतीकडे तोंड करायचे आणि टॉवेलाचं टोक दातांत धरायचे. ओरडायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. टॉवेल दातांत असला की आवाज आत राहतो. पाचव्या दिवशी उठले की टॉवेल धुवायला टाकायचे आणि विसरून जायचे.

पहिल्या पाळीनंतरच्या रविवारी कुंदाताई आल्या होत्या, सोबत त्यांची छोटी मैथिली. आम्ही सगळ्या मागच्या अंगणात होतो. सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी माझा टॉवेल झटकला, उन्हात धरला आणि तशाच थांबल्या. टोकाला तीन-चार भोकं पडली होती. एका भोकातून त्यांचं बोट आरपार गेलं. माझं तोंड गोरंमोरं झालं. कुंदाताईंनी विचारलं, काय झालं आई.

"काय नाई," सासूबाई म्हणाल्या. "उंदरानं कुरतडला."

कुंदाताईंनी आधी पाय वर घेतले, मग आत जाऊन आपली बॅग पलंगावर ठेवली, मग मैथिलीला जवळ ओढलं. दुपारी सासूबाईंनी माळ्यावरून उंदराचा पिंजरा काढला, त्यात खोबऱ्याचा तुकडा अडकवला आणि तो नेऊन माझ्याच पलंगाखाली ठेवला. भोळ्या बाई आहेत, मी मनात म्हटलं, आणि सुटल्याचा श्वास सोडला. खरं सांगायचं तर हसूही आलं.

दुसऱ्या पाळीत मी टॉवेल चावला की नाही, मला आठवत नाही. दोन दिवस बरे गेले एवढं आठवतं. एका दुपारी तर मी उठून वह्या तपासल्या. प्रफुल्लनं लगेच अकोल्याला फोन लावला. ताई म्हणाल्या, बघ, मी काय म्हणत होते. त्या रात्री सगळे निवांत झोपले. मी मात्र हिशेब लावत बसले की हे भगरीनं झालं, की दूध सोडल्यानं, की हळद सोडल्यानं, की खालचा वर्ग मिळून जिने चढायचे वाचल्यानं. का इंदुमतीचाच या खेपेला मूड नव्हता. उत्तर मिळेना. आणि उत्तर मला पाहिजे होतं, कारण आता थोड्याच दिवसांनी कोणीतरी मला विचारणार होतं, कमी झालं का, आणि त्या एका शब्दावर ऑपरेशन होणं न होणं ठरणार होतं. मला ते व्हायला हवं होतं. पण हवं आहे म्हणून मला जास्त दुखतंय असं तर नसेल, हाही किडा डोक्यात शिरला होता.

तिसऱ्या पाळीनं मला आडवं केलं. शाळेतून रिक्षानं घरी आणलं, आणि पलंगावर पडले ती दोन दिवस उठले नाही. प्रफुल्ल दौऱ्यावर होता. तो आल्यावर त्यानं विचारलं आणि मी काय उत्तर दिलं कोण जाणे. सासूबाई म्हणाल्या, तिले नोको इचारू आता, डॉक्टरीणच इचारीन.

दवाखान्यात आम्ही चौघं गेलो. कुंदाताई मुद्दाम आल्या होत्या. सासूबाईंच्या हातात पिशवी, पिशवीत डबा, कारण नंबर लागायला उशीर होतो आणि बाहेरचं मला काही चालत नाही. डॉक्टर मुळे मधल्या खुर्चीवर, शेजारी सरोदेबाई. सरोदेबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, ज्वारी सोसते ना?

सासूबाईंना वाटलं परीक्षा आहे. त्या ताठ बसल्या. "नाई बाई. ज्वारीचा एक कन तिच्या तोंडात जाऊ नाई देला."

सरोदेबाईंना कळेना. "म्हणजे? मग जवस, तीळ?"

"नावबी नाई. मेथी नाई, पालक नाई. हळद सुदा नाई टाकली वरनात."

"अहो, पण ते सगळं तर मी पथ्याला सांगितलं होतं."

"हाव ना. म्हनूनच पथ्य पाळलं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघीही मराठीच बोलत होत्या, आणि दोघींनाही समोरची काय म्हणते ते समजत नव्हतं. आधी माझ्या डोक्यात उजेड पडला. सरोदेबाईंच्या पुस्तकात पथ्य म्हणजे जे खावं ते, आणि अपथ्य म्हणजे जे खाऊ नये ते. आमच्या घरात, आणि माझ्या माहितीतल्या सगळ्याच घरांत, वांग्याचं पथ्य म्हणजे वांगं बंद. सरोदेबाई फोनवर म्हणाल्या होत्या, पथ्य ज्वारी, जवस, पालेभाज्या. आणि अपथ्य गहू, दूध, साखर. त्या खरखरत्या फोनवर 'आणि अपथ्य'मधला अ मागच्या शब्दात बुडाला आणि सासूबाईंच्या कानात पडलं, आणि पथ्य. त्यांनी दोन्ही बंद केलं. अर्धं बरोबर, अर्धं उलटं.

मी हे जमेल तसं सांगितलं. सरोदेबाईंनी कपाळाला हात लावला. प्रफुल्ल कसनुसा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग त्यांनी फक्त विचारलं, म्हणजे पोरीले मी तीन महिने उगाच उपाशी मारलं काय? डॉक्टर समजुतीनं म्हणाल्या की तसं नाही, गहू-दूध बंद होतंच, त्यानं पोट फुगायचं कमी झालं असणार.

कुंदाताई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांना काहीतरी सापडलं होतं. म्हणजे वहिनींनी औषधाचं अन्न खाल्लंच नाही, तरी त्यांना बरं वाटत होतं, असं त्या म्हणाल्या. प्रफुल्लनंच तर फोन करून सांगितलं होतं. मग याचा अर्थ काय? आणि अर्थ त्यांनीच सांगितला, अगदी मऊ आवाजात, समजावल्यासारखा.

"मनाचं असेल ना, डॉक्टर. असतं बायकांचं."

डॉक्टरांनी ताईंना उत्तर दिलं नाही, माझ्याकडे वळून विचारलं. "रेवती, तुम्ही सांगा. दुखणं कमी झालं?"

इतके दिवस मी ज्या प्रश्नाला घाबरत होते तो समोर होता, आणि माझं डोकं पाटीसारखं कोरं. दुसऱ्या महिन्यातली ती वह्या तपासलेली दुपार खरी होती. तिसऱ्या महिन्यातले दोन दिवसही खरे होते. उलट्या पथ्यानं आराम पडला असेल तर दुखणं खोटं, आणि पडला नसेल तर प्रफुल्लला मी जे सांगत आले ते खोटं. खरंच सगळं मनाचंच असेल का? त्या क्षणी माझा स्वतःच्या पोटावरसुद्धा विश्वास उरला नाही.

"मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "कळतच नाही."

"खरं दुखणं असतं तर कळलं असतं," कुंदाताई म्हणाल्या.

तेव्हा सासूबाई वाकल्या आणि पिशवीतून डबा काढला. मला वाटलं, भूक लागली असेल, किंवा गोंधळून काहीतरी करायचं म्हणून करत असतील. डबा सांडू नये म्हणून त्या तो नेहमी कशात तरी गुंडाळून आणायच्या. त्यांनी गाठ सोडली, डबा खाली जमिनीवर ठेवला आणि ज्यात तो गुंडाळला होता ते फडकं डॉक्टरांच्या टेबलावर पसरलं. ते फडकं म्हणजे माझा टॉवेल होता.

"हे टोक पहिल्या पाळीचं," त्या म्हणाल्या. "हे दुसऱ्या खेपेचं. इथं नुसते दात लागले, फाटलं नाई. थोडा आराम होता. अन् हे परवाचं."

परवाच्या टोकाला टॉवेल उरलाच नव्हता. दशा लोंबत होत्या.

कुंदाताई टेबलाकडे वाकल्या. "पण आई, तो तर उंदरानं..."

"हाव, उंदीरच," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा फोनवरचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "माह्या लुगड्याच्या पदराले असेच भोकं राहत. माह्या सासूनं पाह्यले अन् म्हने, उंदरानं कुरतडला. मी म्हटलं, हाव. काय म्हनू? पंचवीस वर्षं त्या घरात उंदीर होता, कुंदा. तुह्यात अन् प्रफुल्लमंदी नऊ वर्षांचं अंतर काहून आहे, कोनी इचारलं नाई. उंदीर दिसला सगळ्याईले, पन कोनी साधा पिंजरा आनून नाई लावला."

प्रफुल्ल आईकडे असा बघत होता, जणू तिला तो आज पहिल्यांदाच बघतोय. मी टॉवेलाकडे बघत होते. भोळ्या बाई म्हणून मी ज्यांना मनातल्या मनात हसले होते त्यांनी त्या दिवशी अंगणात, माझ्या नणंदेसमोर, माझी लाज झाकली होती. पण एवढंच नव्हतं. त्यांच्या घरात या दुखण्याला दुसरा शब्दच नव्हता. होता तोच त्यांनी वापरला, आणि मग जे त्यांच्यासाठी कोणी केलं नाही ते केलं. पिंजरा आणला, आणि नेऊन माझ्या पलंगाखाली ठेवला.

"मले वाटलं, पथ्यानं होऊन जाईन," सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "त्यातबी मीच घोळ घातला. आता तुमी तारीख द्या."

डॉक्टरांनी तारीख दिली. प्रफुल्लनं मधली वाट काढली नाही.

ऑपरेशन झालं. आत जे निघालं ते पाहून डॉक्टर म्हणाल्या, बाई, तुम्ही एवढी वर्षं चालत-फिरत कशा होतात. या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. त्यानंतर आमच्या घरात सरोदेबाईंचं पथ्य सुरू झालं, त्यांच्या अर्थाचं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, हळदीचं पिवळंधमक वरण. पहिल्या दिवशी ते वरण वाढताना सासूबाईंनी दोनदा विचारलं, हे खाचंच आहे ना, नक्की? दुखणं पूर्ण गेलं असं नाही. निम्म्याहून खाली आलं. मधे एकदा पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा गोळ्या घेतल्या. जवसानं नेमकं काय होतं आणि गहू सोडल्यानं काय, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. चार दिवस पोळ्या खाल्ल्या की पोट फुगतं, एवढं मला माझ्यापुरतं कळलंय. मूल झालं नाही. झालं असतं तर आवडलं असतं.

सासूबाई गेल्या त्याला आता सात वर्षं झाली. कुंदाताई त्या दिवसानंतर माझ्या पोटाविषयी कधी काही बोलल्या नाहीत, चांगलं नाही आणि वाईटही नाही. दिवाळीला येताना मात्र न चुकता अकोल्याहून जवस आणतात. देताना म्हणतात, आमच्याकडचा बारीक असतो.

मागच्या आठवड्यात दुपारी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, ऊन, लाईट जाणं, प्रफुल्लची रिटायरमेंट. फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवेनात. मग म्हणाल्या, मैथिली पुण्याहून आली आहे, ऑफिसला सुट्टी टाकून.

"बरी आहे ना?"

"बरी आहे." पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. "वहिनी, तिच्या खोलीत उंदीर झालाय."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"ओढणी धुवायला घेतली तर टोकाला भोकं," ताई म्हणाल्या. "विचारलं तर म्हणते, खिळ्यात अडकली. मी तिला काही बोलले नाही. मला नीट बोलता येणार नाही, वहिनी. आईसारखं."

त्या रडत होत्या की काय, मला कळलं नाही. मी म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीनं तिला घेऊन या, डॉक्टरांची वेळ मी आजच घेते. त्या हो म्हणाल्या. मग विचारलं, तोवर तिला खायला काय देऊ, काय बंद करू?

"सध्या काही बंद करू नका," मी म्हटलं. "फक्त तिला सांगा की तुम्हाला कळलंय."

फोन ठेवला, आणि डॉक्टरांचा नंबर लावून झाल्यावर ज्वारी निवडायला घेतली.